कोरडी वाळू

(पडद्यावर अंधार. वाळू उकरल्याची खरखर. थांबते. पुन्हा सुरू होते.)

रात्रीचे पावणेदोन. माझा बोका बंड्या परत त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये गेलाय. ही सहावी खेप.

मी अंथरुणातच पडून ऐकतेय. आधी उकरण्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा उकरणं. घरात मांजर असलं की हा आवाज इतका अंगवळणी पडतो, की त्यात आज काय कमी आहे हे पटकन लक्षात येत नाही. कमी होता तो मधला आवाज. धारेचा.

उठून टॉर्च मारला. वाळूत खड्डेच खड्डे. ओलं कुठेच नाही.

(वहीचं उघडलेलं पान, अगदी जवळून.)

ही माझी वही. डाव्या पानावर महिन्याचा हिशोब. भाडं, वीज, उधारी, आणि सगळ्यात खाली दोन रेघांमध्ये उरलेला आकडा. उजव्या पानावर त्या आठवड्याच्या नोंदी. ‘सोमवार : अर्धं खाल्लं. मंगळवार : वास घेतला, तोंड फिरवलं. मंगळवार रात्र : ट्रेत सहा वेळा, वाळू कोरडी.’

डावं पान म्हणत होतं, थांब. उजवं पान म्हणत होतं, चल. आणि मी सोमवारपासून डाव्या पानाचं ऐकत होते.

(दिवसाचा उजेड. कपाटाखाली चार पाय दुमडून बसलेला बोका.)

मांजर आजारी पडलं तरी आजारी दिसत नाही, हा खरा घोळ. कुत्रं लंगडतं, कण्हतं, अंगावर येऊन पडतं. मांजर नुसतं गप्प होतं. मांजर शिकारी असलं तरी लहान शिकारी. त्याच्यावरही कुणीतरी टपलेलं असतं. दुखणं दाखवणारं मांजर रानात फार दिवस टिकलं नसतं, म्हणून घरातलंही ते दाखवत नाही. आपण म्हणतो, रुसलंय. म्हणतो, वय झालं. म्हणतो, उकाडा आहे.

पण चेहरा थोडं बोलतो. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. बघायच्या गोष्टी पाचच. कान बाहेरच्या बाजूला वळून चपटे झालेत का. डोळे बारीक केलेत का. नाकातोंडाचा गोल भाग ताणलेला दिसतो का. मिशा सरळ ताठ झाल्यात का. आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. चार किंवा त्याहून जास्त भरले, तर मांजराला वेदनाशामकाची गरज असण्याची दाट शक्यता. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

मी बंड्याला मनातल्या मनात गुण दिले. सात. आदल्या दिवशी ह्याच चेहऱ्याचा फोटो काढून मी मैत्रिणीला पाठवला होता, ‘बघ कसा पेंगतोय’ म्हणून.

(मोबाइलच्या उजेडात चेहरा. बोट पडदा वर सरकवत राहतं.)

त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसले, आणि मला हवं ते सापडलं. बद्धकोष्ठ. ट्रेत जातो, कुंथतो, काही होत नाही. जुळत होतं. बोका लघवीसाठी कुंथत असतो तेव्हा बघणाऱ्याला बद्धकोष्ठच वाटतो, ही चूक माझ्याआधी कितीतरी जणांनी केलेली आहे. पण माझ्या चुकीमागे आणखी एक कारण होतं, ते सांगून टाकते. बद्धकोष्ठ स्वस्त असतो. खिशात पैसे नसले की माणूस निदानसुद्धा परवडणारं निवडतो.

खरं काय होतं, ते असं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, आणि टोकाकडे तर आणखीच निमुळता. त्यात चिकट स्राव, सुटलेल्या पेशी, वाळूसारखे बारीक स्फटिक यांचं बूच बसतं. मूत्राशय फुगत जातं. दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो. लघवीतून बाहेर पडायचं ते पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडवतं. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. मादीचा मार्ग रुंद असतो, तिच्यात हे क्वचित. म्हणजे घरात बोका असेल, तो पुन्हा पुन्हा ट्रेकडे जात असेल आणि वाळू कोरडी असेल, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचीही सोय नाही. तोंड उघडून धापा टाकणारं मांजरही त्याच रांगेतलं. बाकी बऱ्याच दुखण्यांत फोन करून विचारायला वेळ असतो. या दोन्हींत नसतो.

(औषधांचा डबा. एक पट्टी हातात घेतलेली. हात थांबतो.)

हे दृश्य मी मुद्दाम ठेवायला सांगितलं. त्या रात्री ही पट्टी माझ्या हातात होती. पॅरासिटामॉल. माणसाच्या लेकराला चालतं, मग ह्याला कणभर द्यायला काय हरकत आहे, असं वाटलं होतं.

मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करून बाहेर काढण्याची जी मुख्य वाट आपल्यात असते, ती जवळपास नसतेच. साठलेलं विष रक्तातल्या लाल पेशींवर जातं, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात. एक गोळी एका मांजराचा जीव घ्यायला पुरते. कुत्र्याच्या अंगावर टाकायच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला विषच. पैसे वाचवायला म्हणून केलेला घरगुती इलाज अशा वेळी सगळ्यात महागात पडतो, कारण मग मूळ दुखणं बाजूला राहतं आणि आधी विषबाधेशी झुंजावं लागतं.

उपाशी ठेवून ‘पोटाला आराम’ देणं हीसुद्धा माणसाची युक्ती. मांजर, त्यातून जाडसर मांजर, दोन-तीन दिवस खाल्ल्यावाचून राहिलं तर अंगातली चरबी धडाधड यकृताकडे जाते आणि यकृतच बसतं. सोमवारपासून खाणं कमी झालं होतं, म्हणजे तेही घड्याळ चालूच होतं.

(पहाट. जाळीची टोपली, वर जुना टॉवेल.)

दवाखान्यात डॉक्टरांनी बंड्याच्या पोटाला हात लावला आणि दुसऱ्या क्षणी मान वर केली. ‘कधीपासून?’

मी म्हटलं, ‘काल रात्रीपासून.’ खोटं बोलले. मग वही काढून पुढे केली. वहीला खोटं बोलता येत नव्हतं.

त्यांनी कागदावर यादी लिहायला घेतली. रक्ततपासणी, भूल, नळी घालून मार्ग मोकळा करणं, सलाईन, दोन-तीन दिवस अ‍ॅडमिट, एक्स-रे. प्रत्येक ओळीसमोर आकडा. मी मान डोलावत होते. बेरीज माझ्या डाव्या पानावरच्या आकड्याच्या पाचपट झाली, तरी मी मान डोलावत होते. कशासाठी, कुणास ठाऊक. समोर चांगले कपडे घातलेली एक बाई मांजर घेऊन बसली होती, तिच्यासमोर ‘नाहीत’ म्हणायचं जिवावर आलं होतं. बंड्या टोपलीत मरायला टेकलाय आणि मी इभ्रत सांभाळतेय.

मग म्हटलं. ‘डॉक्टर, माझ्याकडे एवढेच आहेत.’ आणि आकडा सांगितला.

त्यांना धक्काबिक्का काही बसला नाही. त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर नव्याने लिहायला लागले. ‘हे आत्ता लागेलच. हे उद्यावर ढकलता येईल. हे नाही केलं तर अमुक कळणार नाही, चालेल?’

एकाच आजाराला एकच इलाज असतो असं आपण धरून चालतो. पशुवैद्यकात गेल्या काही वर्षांत उघडपणे मांडलं जाऊ लागलंय की तसं नाही. सगळ्यात महागड्या इलाजापासून अगदी साध्यापर्यंत पायऱ्या असतात, आणि मधल्या पायरीवरचा इलाज म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. पण डॉक्टरला तुमच्या खिशातलं दिसत नाही. आकडा कळल्याशिवाय तो वरची पायरीच सांगणार. त्यालाही दोष देत नाही मी. मशिनं, औषधं, माणसांचे पगार सगळं त्याच्या डोक्यावर असतं, आणि फुकट करत सुटला तर दवाखाना बंद होईल. विचारायचं एवढंच असतं : यातलं आज न केलं तर जीव जाईल असं कुठलं? हप्त्यांनी चालेल का? सलाईन मी घरी कातडीखाली द्यायला शिकले तर? मूत्रपिंडं थकलेल्या म्हाताऱ्या मांजरांना कितीतरी माणसं हे घरी करतात.

(पिंजऱ्यावर चादर. आत फक्त कानाचं टोक दिसतं.)

बंड्यासाठी मधली पायरी होती. 2010 मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांच्या मालकांना नळी घालून अ‍ॅडमिट ठेवण्याचा खर्च झेपणार नव्हता, असे 15 तुंबलेले बोके. त्यांना नळी घातलीच नाही. गुंगीची आणि वेदना कमी करणारी औषधं दिली, लागेल तेव्हा पोटातून सुई घालून मूत्राशय रिकामं केलं, आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवलं. हेतू असा, की भीती आणि वेदनेने आवळलेला मूत्रमार्ग सैल पडावा. 15 पैकी 11 बोक्यांनी तीन दिवसांच्या आत आपणहून लघवी केली. चौघांच्या बाबतीत जमलं नाही. डॉक्टरांनी मला अकराही सांगितले आणि चारही सांगितले. नळी हाच पहिला, भरवशाचा इलाज, हेही सांगितलं. रक्त फार बिघडलेलं असेल तर हा मार्ग चालत नाही. रक्त तपासावंच लागलं. बंड्याचं पोटॅशियम वर गेलं होतं, पण फार नाही.

आणि तिसरी पायरीही त्यांनी उच्चारली, हळू आवाजात. दयामरण. कागदावर लिहिली नाही, पण सांगितली. ज्यांच्याकडे कुठल्याच पायरीचे पैसे नसतात आणि जनावर तडफडत असतं, त्यांना तेवढीच उरते. ती निवडलेल्या माणसाबद्दल बाहेरच्या कुणी तोंड उघडू नये, असं मला त्या खुर्चीत बसून वाटलं. अजून वाटतं.

(जुन्या शहराच्या रस्त्याचं कृष्णधवल चित्र.)

हे दुखणं जुनं आहे. 1917 मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत मारिया डिकिन नावाच्या बाईंनी एका तळघरात दवाखाना उघडला. ज्यांना परवडत नाही त्यांच्या आजारी जनावरांवर फुकट उपचार. त्यातून उभी राहिलेली पीडीएसए ही संस्था ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनंतरही तेच काम करतेय. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, धर्मादाय दवाखाने, लसीकरणाची आणि नसबंदीची शिबिरं, असं काही ना काही बऱ्याच ठिकाणी असतं. फक्त त्यांचे नंबर रात्री पावणेदोनला शोधायचे नसतात. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता तीन आहेत.

(दवाखान्याचं बाकडं. रिकामी टोपली.)

पहिला दिवस, काही नाही. दोनदा सुई. संध्याकाळी फोन केला, ‘अजून नाही.’ रात्री डाव्या पानावर बसले. काय विकता येईल, कुणाकडे मागता येईल. एका नावापुढे टिंब दिलं, मग खोडलं, मग परत दिलं. जिच्याकडे मागायला मला सगळ्यात लाज वाटत होती, तिने ‘किती?’ एवढंच विचारलं.

दुसरा दिवस दुपार. फोन वाजला. पलीकडे मदतनीस मुलगा हसत होता. ‘ताई, तुमच्या बंड्याने चादर भिजवली. पुरी.’

माझ्या आयुष्यात कुणाच्या लघवीवर मी इतकी रडले नव्हते.

(घर. खिडकीत तीन वाडगे पाणी. बोका एका वाडग्याचा वास घेतोय.)

तुंबलेला बोका पुन्हा तुंबू शकतो, हे सांगूनच घरी पाठवलं. म्हणून आता पाण्याचे तीन वाडगे, खाण्यात पाणी कालवलेलं, ट्रे दोन. दर रविवारी वजन : आधी त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग त्याला सोडून, आणि वजाबाकी. डाव्या पानावर तीन महिन्यांचा हप्ता. उजव्या पानावर रोज वाळूतले ओले गोळे मोजून लिहिते. ‘सकाळी दोन, एक लिंबाएवढा.’ परवा पाहुणे आले होते, त्यांच्या हातात चुकून ही वही गेली. त्यांनी काही विचारलं नाही.

रात्री मात्र अजून जाग येते. पावणेदोन, दोन. अंधारात टपटप पावलं ट्रेकडे जातात. मी पडल्यापडल्या कान देते.

(अंधार. वाळूची खरखर. शांतता. मग धार, बारीक, पण बराच वेळ. मग वाळू ओढून घेतल्याचा आवाज.)