सोमवारची गोळी

मंडळी, संघाने मला विषय दिलाय ‘औषधं आणि त्यांचे दुष्परिणाम’. एवढा मोठा विषय तासाभरात मावायचा नाही. म्हणून आज मी एकाच गोळीबद्दल बोलणार आहे. बावीस वर्षं मी औषधांच्या दुकानात उभी आहे आणि हातात घेताना ज्या गोळीचं नाव मी अजूनही दोनदा वाचते, ती ही. मेथोट्रेक्सेट.

तुमच्यापैकी काही जण ती घेत असतील. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, मूठ वळत नाही, मनगटं सुजतात, त्या आमवातावर डॉक्टर बहुतेकदा सुरुवातीलाच हे औषध देतात. सोरायसिस या त्वचेच्या विकारावरही देतात. गोळी छोटी, बहुधा पिवळी. आणि घ्यायची आठवड्यातून एकदा. रोज नाही.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या गर्दीत एक सूनबाई आल्या. “ताई, सासूबाईंचं तोंड आलंय. लावायला काहीतरी द्या, आणि बी-कॉम्प्लेक्स.” असं मागणारे दिवसाला चार जण येतात. मी ट्यूब काढून काउंटरवर ठेवलीसुद्धा. सहज विचारलं, जेवतात का? म्हणाल्या, “वरणभातही गिळवत नाही हो. वाटीवाटीने दूध पाजतोय.” तेव्हा माझा हात थांबला. दुसरं कुठलं औषध चालू आहे? त्यांनी पिशवीतून कात्रीने कापलेली पट्टी काढली. नाव अर्धं कापलेलं, मुदतीची तारीख गायब. सोबत चिठ्ठी होती. तिच्यावर तीन गोळ्या आणि पुढे इंग्रजी ‘एम’. डॉक्टरांच्या मनात होता मंडे, सोमवार. औषध देणाऱ्याने तो मॉर्निंग वाचला. पाकिटावर लिहिलं होतं, ‘सकाळी ३’. सासूबाई नऊ दिवस रोज सकाळी तीन गोळ्या घेत होत्या.

मी ट्यूब परत ठेवली आणि म्हटलं, इथून घरी जाऊ नका, त्यांना घेऊन थेट हॉस्पिटल गाठा, ही पट्टी दाखवा. त्यांच्या पांढऱ्या पेशी फार खाली आल्या होत्या. फॉलिनिक ॲसिड हा त्यावरचा उतारा, तो दिला. दोन आठवडे राहावं लागलं, पण बाई वाचल्या. सगळेच वाचत नाहीत. जगभरात या एका घोटाळ्याने माणसं दगावली आहेत.

असं का होतं, तेही ऐका. पेशींची नवी पैदास व्हायला फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व लागतं आणि हे औषध नेमकं तेच काम अडवतं. जिथे पेशी भराभर बदलतात, तिथे फटका आधी बसतो: तोंडाची आतली त्वचा, आतडी, हाडांतला मगज. आठवड्यातून एकदा घेतलं की मधल्या सहा दिवसांत शरीर सावरतं. रोज घेतलं की सावरायला उसंतच मिळत नाही. म्हणून मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड आलं, ताप आला, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग पडले किंवा कोरडा खोकला येऊन दम लागायला लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आणखी एक गोम. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात. तीही गोळी बहुधा छोटी आणि पिवळीच. ती बऱ्याच दिवशी घ्यायची, ही एकदाच, आणि दोन्ही एका डबीत ठेवली की अदलाबदल व्हायला कितीसा वेळ? वेगळ्या डब्या ठेवा. वार अक्षरात लिहून मागा, ‘दर सोमवारी’ असा पूर्ण. कुणी लिहून दिला नाही तर दुकानातून हलू नका. चार आठवड्यांच्याच गोळ्या घ्या. पट्टी कापावीच लागली, तर नाव आणि तारीख तुमच्या तुकड्यावर राहील असं बघा. एखादा सोमवार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी फोन करा. लघवीच्या जंतुसंसर्गावर कोट्रायमोक्साझोल नावाची गोळी देतात, ती याच्याबरोबर धोक्याची आहे. म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात की आधी हे नाव सांगायचं. रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत. दारू नको. आणि घरात मूल होऊ घातलेली लेक-सून असेल आणि तिला हे औषध असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांपाशी आधीच बोला. गर्भाला याने इजा होते.

आता काही जण मोबाईलवर बघतील, ‘कॅन्सरचं औषध’ असं वाचतील आणि उद्यापासून बंद करतील. कृपा करून तसं करू नका. कॅन्सरवर हे फार मोठ्या मात्रेत देतात, तुमची मात्रा अगदी थोडी आहे. आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले आणि लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने हे घडवलं. या गोळीमुळे वाकडे होऊ घातलेले हात वाचलेले मी समोर पाहिलेत. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, तेवढा धीर धरायला हवा.

औषधाने त्रास झालाच, तर तो सरकारकडे नोंदवता येतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात ही नोंद ठेवतात. १८००-१८०-३०२४, फोन फुकट आहे. लिहून घ्या.

त्या सासूबाई आजही मेथोट्रेक्सेटच घेतात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारच्या चौकटीत नात लाल पेनाने गोल करते, आणि गोळी घेतल्यावर आजी त्यावर स्वतः फुली मारतात. महिना संपला की ते पान घडी घालून माझ्याकडे आणतात. मी चार फुल्या मोजते आणि मगच पुढची पट्टी देते.