आधी रस्सा चाखा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळचे सहा वाजले होते. व्हिएतनामची राजधानी हनोई, तिथल्या जुन्या वस्तीतला अरुंद रस्ता. एका घराच्या तळमजल्याचं शटर वर गेलेलं आणि फुटपाथवर प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं मांडलेली, आपल्याकडे न्हाणीघरात बसायला असतात तेवढ्याच उंचीची. दाराशी कमरेइतकं उंच पातेलं आणि त्याची वाफ थेट रस्त्यावर. मी चालता चालता थांबले, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, आणि त्यांच्या मागून करपवून भाजलेल्या कांद्याचा गोडसर धूर. घरात गोडा मसाला भाजायला घेतला की चार घरं पलीकडे कळतं, तसंच झालं.

आज मला तुमच्याशी त्या पातेल्याविषयी बोलायचं आहे.

पदार्थाचं नाव फऽ, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि वरून रस्सा. इंग्रजी अक्षरं वाचून आपण 'फो' म्हणतो, पण तिथे ते कुणी म्हणत नाही. रेडिओवर आहे म्हणून उच्चारून दाखवते: फऽऽ. आवाज आधी खाली उतरतो आणि शेवटी किंचित उचलला जातो, आपण कुणाला "हो?" असं विचारतो तसा. व्हिएतनामी भाषेत सहा सूर आहेत, आणि या सुराचं नावच मुळी 'प्रश्न' असं आहे.

तो वास ओळखीचा वाटण्याला कारण आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये, चीनच्या सरहद्दीला लागून लांग सोन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. चक्रीफूल, म्हणजे आपल्या आज्या ज्याला बाद्यान म्हणायच्या ते, तिथे भरपूर पिकतं आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक भारत आहे. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड साल मिळते, तीही बरीचशी व्हिएतनामहूनच येते. तुमच्या मसाल्याच्या डब्यातलं बाद्यान आणि त्या फुटपाथवरच्या पातेल्यातलं बाद्यान एकाच डोंगरावरून उतरलेलं असू शकतं.

तर मी त्या स्टुलावर बसले. गुडघे छातीशी आले. आता हाक कशी मारायची? शेजारी एक कॉलेजचा मुलगा बसला होता, त्याने मान वर करून साद घातली, "को ओई!" नंतर त्यानेच मला अर्थ सांगितला. 'ओई' म्हणजे आपलं 'अहो' किंवा 'अगं', आणि 'को' म्हणजे वडिलांची बहीण. आत्या! व्हिएतनामी माणसं अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारतात. थोरली बहीण, धाकटा भाऊ, काका, आत्या, समोरच्याचं वय पाहून नातं ठरतं, आणि त्याच नात्यातून स्वतःलाही संबोधायचं. दक्षिणेकडे दुकानातल्या बाईला बरेचदा 'यी' म्हणतात, म्हणजे आईची बहीण. भाजीवालीला मावशी म्हणत वाढलेल्या माझ्यासारखीला हे ऐकून किती बरं वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. मीही हाक मारली, "को ओई!" आणि एक बोट वर केलं. "फऽ गा."

'फऽ बो' म्हणजे गोमांसाचा, 'फऽ गा' म्हणजे कोंबडीचा. मी गोमांस खात नाही, म्हणून मी कोंबडीचा मागवला.

पुढचं सगळं मिनिटाभरात झालं. आत्यांनी तांदळाच्या ओल्या, पांढऱ्या, चपट्या शेवयांची मूठ लांब दांड्याच्या गाळणीत टाकली, उकळत्या पाण्यात बुचकळली, झटकली आणि वाडग्यात पालथी केली. या शेवया करायची रीत आपल्याला नवी नाही. भिजवलेले तांदूळ वाटायचे, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड ताणून बांधायचं, त्यावर पीठ पातळ पसरायचं आणि वाफेवर शिजवायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे तांदळाच्या फेण्या वाफवतात, तीच कल्पना. फक्त ते लोक ती वाळवत बसत नाहीत, ओलीच कापतात आणि त्याच दिवशी संपवतात. शेवयांवर कातडीसकट तोडलेले कोंबडीचे तुकडे, कांद्याची हिरवी पात, लिंबाच्या पानाचे केसासारखे बारीक धागे. आणि मग पळीने वरून रस्सा.

हा रस्सा दिसतो कसा? पाण्यासारखा. फिकट सोनेरी, तळापर्यंत स्वच्छ, वर चरबीचे चार-सहा चमकते ठिपके. तिखटाचा रंग नाही, दाटपणा नाही. मराठी जेवणावर वाढलेला डोळा त्याला चटकन पाणचट म्हणून मोकळा होतो. मी तेच केलं. चव न घेताच अर्धं लिंबू पिळलं, मिरचीचे काप घातले, चिली सॉस ओतला. आत्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी वाडगा समोर ठेवला, लिंबाची बशी आपल्या बाजूला ओढून घेतली आणि माझ्या हातात चमचा दिला. आधी हे.

श्रोतेहो, तो पहिला चमचा मला अजून आठवतो. माझं माहेर कोल्हापूरकडचं. आमच्याकडे मटण शिजलं की तांबडा-पांढरा व्हायच्या आधी त्याचं अळणी पाणी काढून ठेवतात. लहान पोराला, आजाऱ्याला, बाळंतिणीला ते वाटीभर द्यायचं. त्यात काही नसतं आणि सगळं असतं. फऽचा रस्सा जिभेवर आला तेव्हा माझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं ते अळणी आठवलं. मात्र आपल्याकडे अळणी ही रश्श्याची पहिली पायरी असते, तिच्यावर पुढे कांदा-खोबरं चढतं, चटणी चढते. तिथे ती एकच पायरी. सगळं कसब तिथेच खर्ची पडतं.

ते कसब मी पुढचे तीन आठवडे रोज सकाळी पाहिलं, आणि त्या मुलाने आत्यांचं बोलणं मला इंग्रजीत सांगितलं. हाडं आधी पाण्यात भिजवायची, एक उकळी काढायची आणि ते पहिलं पाणी सरळ ओतून द्यायचं, कारण रक्त आणि गदळ त्यात उतरते. हाडं धुऊन पुन्हा थंड पाण्यात चढवायची. गोमांसाचा फऽ असेल तर आठ-दहा तास, बारासुद्धा. कोंबडीला त्याहून कमी. इतका वेळ रस्सा खदखदू द्यायचा नाही. पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे, एखादा बुडबुडा इकडे, एखादा तिकडे. जोराने उकळलं तर चरबी पाण्यात फुटून मिसळते आणि रस्सा गढूळ होतो, तो पुन्हा निवळत नाही. म्हणून कुणीतरी जागं राहून विस्तव सांभाळायचा, वरचा फेस काढत राहायचा. हाडांतला चिकटपणा हळूहळू पाण्यात उतरतो, तुम्ही पिता तेव्हा ओठ किंचित चिकटतात.

आणि कांदा-आलं. ते सोलून घालत नाहीत. सालीसकट निखाऱ्यावर ठेवतात, बाहेरून काळं ठिक्कर होईपर्यंत. मग जळकी साल काढून आतला मऊ, गोड झालेला गर रश्श्यात जातो. आमच्याकडे वाटणाचा कांदा आणि खोबऱ्याची वाटी थेट निखाऱ्यावर भाजतात, त्याची आठवण मला तिथे रोज व्हायची. मसाले कोरडे भाजून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून सोडायचे आणि वेळेवर बाहेर काढायचे. जास्त राहिले तर रस्सा काढ्यासारखा लागतो. शेवटी मिठाच्या जोडीला 'नुअक माम', म्हणजे मिठात मुरवलेल्या माशांचं पाणी. नुसतं हुंगलं तर उग्र, रश्श्यात गेलं की मासा कुठेच सापडत नाही.

हे सगळं आलं कुठून? गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. हनोईच्या दक्षिणेला नाम दिन्हचा भाग आहे (२०२५ पर्यंत तो वेगळा प्रांत होता), तिथलं वान कू हे गाव फऽ करणाऱ्यांचं म्हणून प्रसिद्ध. शेतकऱ्याच्या घरी बैल नांगराचा, खायचा नव्हे. फ्रेंच राज्यकर्ते आले, त्यांना गोमांस हवं होतं, आणि खाटिकखान्यात हाडं उरू लागली. त्या उरलेल्या हाडांतून गरिबांनी हा रस्सा काढला. तो कावडीवरून विकला जायचा. कावडीच्या एका टोकाला विस्तव आणि पातेलं, दुसऱ्या टोकाला शेवया, वाडगे, मसाले. कोंबडीचा फऽ नंतरचा. १९३९च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी गोमांसविक्री बंद असे, तेव्हा विक्रेते कोंबडीकडे वळले असं सांगतात. अडचणीतून निघालेला तो वाडगा आज माझ्यासारख्या कितीतरी लोकांना या दुकानात बसू देतो.

१९५४ मध्ये देशाची उत्तर आणि दक्षिण अशी फाळणी झाली. इकडून तिकडे जायला ३०० दिवसांची मुदत होती. लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले आणि फऽ त्यांच्याबरोबर सायगावला, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह सिटीला, पोचला. तिथली माती सुपीक, पालेभाज्या भरपूर. वाडग्याशेजारी ताट आलं: मोड आलेले लांबसडक मूग, आपल्या सब्जाच्याच जातीची सुवासिक पानं, गोडसर काळा सॉस. हनोईत वाडग्याला 'बात' म्हणतात, सायगावात 'तो'. हनोईचे लोक म्हणतात की इतक्या पाल्यात रस्सा हरवतो. सायगावचे म्हणतात, जेवणाऱ्याला मोकळीक हवी. मी दोन्ही मनापासून खाल्ले, पण माझं मन हनोईच्या बाजूचं आहे.

सायगावातलं एक दुकान इतिहासातच गेलं आहे. त्याचं नाव 'फऽ बिन्ह', म्हणजे शांतीचा फऽ. तेत म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा सण. १९६८च्या तेतमध्ये कम्युनिस्टांनी दक्षिणेच्या सरकारवर आणि अमेरिकी फौजांवर केलेल्या मोठ्या हल्ल्याची सायगावपुरती आखणी या दुकानाच्या वरच्या मजल्यावर झाली, तेव्हा खालच्या मजल्यावर अमेरिकी सैनिकही येऊन जेवत असत. उत्तरेत त्या काळी वाडग्यात मांसच नसायचं. अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं हनोईवरून फिरत, त्यावरून लोकांनी बिनमांसाच्या फऽला 'वैमानिक नसलेला फऽ' नाव दिलं. सरकारी दुकानांत, रेशनच्या दिवसांत, नुसतं गरम पाणी आणि शेवया. तरी माणसं रांगेत उभी राहिली. त्या रांगांमध्ये आत्याही लहानपणी उभ्या राहिल्या होत्या. ते सांगताना त्यांनी पळी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी रिकामा वाडगा धरून दाखवला.

शाकाहारी श्रोत्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. 'फऽ चाय' हा शब्द लक्षात ठेवा. चाय म्हणजे शाकाहारी. तिकडे बौद्ध रिवाजाने पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस खात नाहीत, त्यामुळे शाकाहारी फऽ परक्यांसाठी शोधून काढलेला नाही, तो त्यांचाच आहे. मुळा, गाजर, सुकवलेल्या अळिंब्या आणि तोच भाजलेला कांदा, तेच बाद्यान. मला हा रस्सा कोंबडीच्या रश्श्याहून हलका, पण वासाने तितकाच भरलेला वाटला.

शेवटच्या दिवशी मी लवकर गेले नाही, मुद्दाम उशिरा गेले. दहा वाजत आले होते. पातेल्यातला रस्सा तळाशी आला होता. आत्यांनी मला शेवटचा वाडगा दिला, लिंबाची बशी या वेळी माझ्यासमोरच ठेवली. मी आधी दोन चमचे नुसता रस्सा प्यायले, मग लिंबू पिळलं. आत्या स्टुलं एकात एक रचत होत्या. मागच्या मोरीत मोठं घमेलं होतं आणि त्यात उद्याची हाडं भिजत पडली होती.