रंगाच्या आधीचा क्षण

स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीनच्या कलादालनात असलेले ‘रंगाच्या पहिल्या प्रयत्नाची तयारी करणारा टिशियन’ हे तैलचित्र चित्रकार विल्यम डाइस याने १८५६-५७ मध्ये रंगवले. डाइस मूळचा अ‍ॅबरडीनचाच. चित्रातला, दगडी मूर्तीकडे एकटक पाहत बसलेला मुलगा म्हणजे पुढे व्हेनिसचा थोर रंगप्रभू ठरलेला टिशियन.

आल्प्सच्या डोंगररांगांतील पिएव्हे दि कादोरे हे टिशियनचे गाव. लहानपणी त्याने फुलांचा रस पिळून मॅडोनाचे, म्हणजे येशूची आई मेरी हिचे, चित्र रंगवले, अशी आख्यायिका कार्लो रिदोल्फी या चरित्रकाराने १६४८ मध्ये, म्हणजे टिशियनच्या मृत्यूनंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, नोंदवून ठेवली आहे. ती खरी मानायला पुरावा नाही. डाइसने मात्र तिच्यातला नेमका क्षण निवडला आहे. मुलाने अजून रंग लावलेला नाही. समोर बाळाला घेतलेल्या मॅडोनाची फिकट पाषाणमूर्ती आहे, जवळ ताजी फुले आहेत, आणि या फुलांचा रंग त्या दगडावर कसा दिसेल, हा विचार तेवढा त्याच्या चेहऱ्यावर उमटू लागला आहे. सगळे चित्र त्या विचारावर उभे आहे, आणि माझ्या मते हेच त्याचे मोठेपण आहे.

आता झाडाच्या सालीकडे आणि गवताकडे जवळून पाहा. खरबरीत सालीची एकेक भेग आणि गवताचे पाते न् पाते डाइसने बारीक कुंचल्याने टिपले आहे. निसर्गाच्या बारकाईने केलेल्या चित्रणावर भर देणाऱ्या इंग्लंडमधील प्री-राफेलाइट गटाच्या तरुण चित्रकारांशी त्याचे सूर जुळले होते, ते अशाच निरीक्षणामुळे. रेखाटनापेक्षा रंगाला प्राधान्य देणाऱ्या व्हेनिसच्या परंपरेला त्याने वाहिलेली ही आदरांजली अशी काटेकोर रेखाटनाच्या आधारे उभी आहे. डाइस लंडनच्या सरकारी स्कूल ऑफ डिझाइनचा काही काळ प्रमुख होता. त्या शाळेतूनच पुढे लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनची कलाशिक्षणपद्धती विकसित झाली आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमधील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तिच्या शिस्तीत रेखाटनाचे धडे गिरवले.

फुलांचा रस टिकत नाही. उन्हात तो लवकर विटतो. टिशियन पोरवयातच व्हेनिसला गेला आणि तिथल्या बेल्लिनी या नामवंत चित्रकार बंधूंच्या चित्रशाळेत शिकला. अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून केलेला निळा आणि हिंगुळाचा लाल असे टिकाऊ रंग त्या व्यापारी शहरात सहज मिळत. तेथील फ्रारी चर्चच्या मुख्य वेदीवर त्याने १५१८ मध्ये पूर्ण केलेले, जवळजवळ सात मीटर उंचीचे मॅडोनाच्या स्वर्गारोहणाचे चित्र आजही आहे, आणि त्यातील तिच्या वस्त्राचा लाल रंग चर्चच्या दुसऱ्या टोकावरूनही नजरेत भरतो.