वाकलेले हँडल बदलताना

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, मुळशीजवळच्या एका चिखलाच्या उतारावर माझी मोटरसायकल उजव्या अंगावर पडली आणि हँडलचे ते टोक दोन बोटे खाली झुकले. वाटेतल्या एका गॅरेजात लांब पाइप घालून ते 'सरळ' करून मिळाले, पैसेही फार लागले नाहीत, म्हणून मी समाधानाने घरी आलो. तीनेक आठवड्यांनी गाडी धुताना, हँडल आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या अगदी शेजारी, केसाएवढी बारीक चीर माझ्या बोटाला लागली. तेच हँडल धरून मी त्या दरम्यान दोनदा घाट उतरलो होतो. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की मातीत चालवायच्या गाडीचे वाकलेले हँडल सरळ करू नये, ते बदलावे.

कारण धातूतच आहे. अॅल्युमिनियमची नळी एकदा वाकली की वाकल्या जागी ती कठीण आणि ठिसूळ होते, आणि उलट दिशेने वाकवताना नेमक्या त्याच जागेवर दुसऱ्यांदा ताण येतो. लोखंडी हँडल अधिक सहन करते, पण तेही पूर्वीच्या ताकदीचे राहत नाही.

मात्र खर्च करण्यापूर्वी हँडलच वाकले आहे याची खात्री करून घ्यावी, कारण पडल्यानंतर तिरके दिसणारे हँडल पुष्कळदा सरळच असते. पुढचे दोन फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या नळ्या, त्यांना धरणाऱ्या 'टी'मध्ये किंचित पिळले गेलेले असतात. अशा वेळी 'टी'चे आणि पुढच्या अॅक्सलचे बोल्ट थोडे सैल करून, पुढचे चाक गुडघ्यांत घट्ट धरून हँडल फिरवले, की सगळे पुन्हा रेषेत येते, आणि बोल्ट पुन्हा आवळले की काम संपते. हँडलची परीक्षा करायची तर 'टी'च्या मधल्या मोठ्या नटापासून दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, किंवा काढलेले हँडल कडप्प्याच्या ओट्यावर ठेवून दोन्ही टोके सारख्या उंचीवर येतात का ते पाहावे.

नवे हँडल घेताना पहिला प्रश्न जाडीचा असतो. जुन्या पद्धतीचे, मध्ये आडवी दांडी असलेले हँडल क्लॅम्पच्या जागी २२.२ मिलिमीटरचे असते, तर मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते होणारे २८.६ मिलिमीटरचे. ग्रिपच्या जागी दोन्ही सारखेच, म्हणजे २२.२ मिलिमीटरचे असल्यामुळे लिव्हर जुनेच चालतात, जाडी बदलली तर क्लॅम्प मात्र बदलावे लागतात. उंची आणि वळण शक्यतो मूळ हँडलसारखेच घ्यावे, कारण उंच हँडलला जुन्या केबल आणि ब्रेकचा होज अपुरे पडू शकतात.

काढण्यापूर्वी केबल कशा गेल्या आहेत त्याचे फोटो घ्यावेत आणि टाकीवर जाड कापड टाकावे; ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो, तो सांडलाच तर लगेच पाण्याने धुवावा. पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे हँडलवरचा ब्रेक ऑइलचा डबा, सुटा केल्यावर तो होजवर लोंबकळू न देता सरळ उभा बांधून ठेवावा, म्हणजे आत हवा शिरत नाही. ग्रिपखाली साबणाचे पाणी सोडून ती फिरवली की सहसा न कापता निघते.

बसवताना क्लॅम्पच्या जागी तेल किंवा ग्रीसचा लवलेश नको. अनेक क्लॅम्पवर पुढची बाजू दाखवणारी खूण असते. तिथे आधी पुढचे बोल्ट पूर्ण आवळायचे आणि मग मागचे, म्हणजे फट फक्त मागच्या बाजूला राहते. ही फट पाहून बोल्ट अजून सैल आहेत असे समजून जोर लावणाऱ्यांनी क्लॅम्प तोडल्याचे मी पाहिले आहे. आवळण्याचे माप गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावे आणि टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरावा. हँडलचा कोन आधी फोर्कच्या रेषेत ठेवावा आणि मग फूटपेगवर उभे राहून, हातांची कोपरे बाहेर काढून, आपल्या उंचीप्रमाणे किंचित पुढेमागे करावा. लिव्हर थोडे खाली झुकलेले असावेत, म्हणजे उभ्याने चालवताना मनगट सरळ राहते. त्यांचे क्लॅम्प अगदी करकचून आवळू नयेत, कारण पडताना लिव्हर जागच्या जागी फिरला तर तो तुटत नाही. थ्रॉटलची, म्हणजे अॅक्सिलरेटरची, नळी कोरडी ठेवावी; तिथे ग्रीस लावले तर धूळ चिकटते. ग्रिप चिकटवल्यावर रात्रभर तसेच राहू द्यावे आणि उघड्या टोकांना बूच बसवावे, कारण उघडी नळी पडताना अंगात घुसते.

यानंतरची तपासणी मी कोणालाही टाळू देणार नाही. थ्रॉटल सोडला की हँडलच्या प्रत्येक स्थितीत तो आपोआप झटकन मागे आला पाहिजे. इंजिन आयडलवर ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे; आवाज जरा जरी चढला, तरी केबल कुठेतरी ओढली जाते आहे, तिचा मार्ग दुरुस्त केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. इंजिन बंद करण्याचा स्विच आणि पुढचा ब्रेकही तपासावा. शेवटी हँडल आणि क्लॅम्प यांच्यावरून रंगाच्या पेनने एक सलग रेघ ओढावी आणि पहिल्या अर्ध्या तासाच्या फेरीनंतर ती पाहावी: रेघ तुटलेली दिसली, तर हँडल क्लॅम्पमध्ये सरकले आहे, आणि बोल्ट पुन्हा मापाने आवळायचे आहेत.

नमस्कार.