निर्णय मोटरमनच्या केबिनमध्येच

श्रोतेहो, नमस्कार.

लोकल चालवताना मोटरमनचा हात एका दांड्यावर दाबलेला असतो. त्याला डेड मॅन्स हँडल म्हणतात. मोटरमनला भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. कंट्रोल रूमला विचारत बसायचं नाही. एज कॉम्प्युटिंग म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी आधी या दांड्याबद्दल सांगते.

एज म्हणजे कड, काठ. एरवी आपली बरीचशी माहिती दूरच्या डेटा सेंटरमध्ये जाते, तिथं हिशोब होतो आणि उत्तर परत येतं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग. केबल काही सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. ईमेलला तेवढं चालतं. पण ताशी ७२ किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढ्यात अडीच मीटर पुढे गेलेली असते. रुळांवर माणूस असेल तर अडीच मीटर फार झाले हो! म्हणून घटना जिथं घडते तिथंच, कॅमेऱ्यात, यंत्रात, निदान जवळच्या मोबाइल टॉवरपाशी, हिशोब करायचा. नेटवर्कच्या काठावरचा हा हिशोब म्हणजेच एज कॉम्प्युटिंग.

घरी करून बघा. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि चेहरा दाखवून उघडा. उघडतो, कारण ओळख पटवण्याचं काम फोनच्या आतच होतं. चेहरा बाहेर पाठवावा लागत नाही, हा फायदा मला वेगापेक्षाही मोलाचा वाटतो.

डेटाही वाचतो. सोसायटीचा कॅमेरा रात्रभर रिकामा जिनाच टिपतो, तो सगळा कशाला पाठवायचा? हालचाल झाली तेवढाच तुकडा पुरे.

अर्थात शंभर जागी संगणक बसवले की शंभर जागी धूळ, दमट हवा आणि अपडेटची काळजी आली. महिन्यांच्या नोंदी ताडून बघायला मोठं डेटा सेंटर लागतंच.

तरी २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि फोन लागत नव्हते. अशा रात्री नाल्याकाठच्या पंपानं पाण्याची पातळी स्वतः मोजावी, स्वतःच सुरू व्हावं. नेटवर्क परतलं की रात्रभराच्या नोंदी सावकाश पाठवाव्यात.