पहिलं वर्ष : मुंबई, 1813

मिशनरी कुटुंबाचं वर्ष संपत आलं की रिपोर्ट लिहायची वेळ येते. आज जे कुणी फील्डवर आहेत त्यांना हे चांगलंच माहितीये, डिसेंबर आला की मदत पाठवणाऱ्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, पत्र लिहायचं, फोटो निवडायचे, शाळा किती, पेशंट किती, बाप्तिस्मे किती, सगळं मांडायचं. आणि आता अशा एका कुटुंबाचा विचार करा ज्यांचं वर्ष संपलंय, आणि सांगायला एक शाळा नाही, छापलेलं एक पान नाही, एक बाप्तिस्मा नाही, आणि ज्या शहरात राहतायत तिथे राहायची परवानगीसुद्धा नाही.

मुंबईत 1813 साली असं एक कुटुंब होतं. सॅम्युएल नॉट, त्याची बायको रोक्साना, आणि त्यांच्यासोबत आलेला गॉर्डन हॉल, जो तेव्हा अविवाहित होता. रक्ताचं नातं तिघांत नव्हतं, पण एकाच जहाजातून उतरलेली, एकाच भीतीखाली जगणारी ही तीन माणसं, मी त्यांना कुटुंबच म्हणणार. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून मुंबईपासून नगर, सोलापूर, साताऱ्यापर्यंत जे काम उभं राहिलं त्याची सुरुवात या तिघांपासून होते. आपल्या नगर भागातल्या कितीतरी मंडळ्यांचं मूळ शोधत मागे गेलात तर याच 1813 पाशी येऊन थांबाल.

थोडं मागून सुरू करूया, नाहीतर ते वर्ष कळणार नाही.

6 फेब्रुवारी 1812, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव, कडाक्याची थंडी. तिथल्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. जडसन, न्यूवेल, नॉट, हॉल आणि राइस. अमेरिकेतून परदेशात मिशनरी पाठवायला जे बोर्ड 1810 मध्ये स्थापन झालं होतं त्यांची ही पहिलीच तुकडी. दीक्षा पुरुषांची झाली, पण जाणार होत्या तिघीजणी पण. अ‍ॅन जडसन, हॅरिएट न्यूवेल, रोक्साना नॉट. तिघींची लग्नं त्याच फेब्रुवारीत लागली होती. म्हणजे बघा ना, लग्न, निरोप आणि जहाज, सगळं एका महिन्यात, आणि निरोप असा की आईबापांचं तोंड पुन्हा दिसेल की नाही याचा भरवसा नाही, कारण कलकत्त्याला पोचायलाच चारेक महिने लागायचे आणि घरच्या पत्राचं उत्तर हातात पडेपर्यंत वर्ष उलटून जायचं.

कलकत्त्यात स्वागत झालं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकुमानं. कंपनीला मिशनरी नको होते, धर्माच्या गोष्टीवरून लोक बिथरतील आणि व्यापाराला धक्का बसेल ही भीती. त्यात जून 1812 मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं. म्हणजे ही माणसं आता नुसती नकोशी पाहुणी राहिली नव्हती, शत्रू देशाची नागरिक झाली होती. देश सोडा म्हणून सांगण्यात आलं.

आणि मग त्या तुकडीची पांगापांग झाली. न्यूवेल नवराबायको मॉरिशसकडे निघाले. हॅरिएट गरोदर होती, बाळ समुद्रावरच जन्मलं आणि गेलं, आणि 30 नोव्हेंबर 1812 ला मॉरिशसमध्ये हॅरिएट क्षयानं गेली. वय 19. मुंबई तिनं पाहिलीच नाही. जडसन आणि राइस बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेले, त्यांची वाट वेगळी झाली, जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. उरले नॉट आणि हॉल. त्यांना जहाजात बसवून इंग्लंडला पाठवायचा हुकूम कलकत्त्यात निघाला होता, पण ते मुंबईच्या जहाजात चढले आणि 11 फेब्रुवारी 1813 ला मुंबईत उतरले. सेलमच्या त्या दिवसाला तोवर एक वर्ष आणि पाच दिवस झाले होते.

आता मुंबईचं ते वर्ष.

तेव्हाची मुंबई म्हणजे किल्ल्याच्या आतली आणि बाहेरची वस्ती, पुण्यात अजून पेशवाई होती, बाजीराव दुसरे गादीवर होते. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन, धार्मिक वृत्तीचा माणूस, बायबल सोसायटीच्या कामाबद्दल आस्था असलेला. पण वरून कलकत्त्याचे आदेश येत होते की या दोघांना इंग्लंडला पाठवा. नेपियननं काय केलं, तर वेळ काढला. सरळ नकार नाही, सरळ परवानगी नाही. आता ऐकायला हे बरं वाटतं, पण ज्या घरात पुढच्या महिन्यात आपण इथे असू की बोटीत हेच माहीत नाही त्या घरात रोक्सानानं संसार कसा मांडला असेल, सामान किती सोडायचं, किती बांधून ठेवायचं, हा विचार केला की मला त्या वर्षाचं खरं ओझं कळतं.

आणि अशा स्थितीत त्यांनी काय धरलं, तर मराठी धरली.

हे मला फार मोठं वाटतं. ज्या देशातून हाकलून देणारेत त्या देशाची भाषा शिकायला बसायचं. आणि साधनं तरी काय होती! मराठीत छापलेली पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यानं बंगालमध्ये श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीचं व्याकरण तयार केलं होतं, 1805 साली, आणि 1810 मध्ये शब्दकोश काढला होता. त्या कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. ज्यांनी मोडी पाहिलीये त्यांना कळेल मी काय म्हणतोय. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं एकातून एक ओढत न्यायची, हात फारसा उचलायचा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, शब्द कुठे संपला ते संदर्भावरून ताडायचं. आपल्यालाच आज मोडी वाचायला क्लास लावावा लागतो. आणि ही माणसं इंग्रजी बोलत वाढलेली, पंडिताच्या समोर बसून एकेक शब्द घोटतायत, ळ आणि ल, ण आणि न, आणि बाहेर गव्हर्नरच्या कचेरीत त्यांच्याच नावाची फाइल फिरतेय.

हॉल तर शिकलेलं लगेच रस्त्यावर नेणारा. देवळांच्या आसपास, बाजारात, माणसं जमतात तिथे जाऊन बोलायचं हीच त्याची पुढे कायमची पद्धत झाली.

वर्ष संपत आलं तसा दबाव वाढला. इंग्लंडला जाणारं जहाज ठरलं. तेव्हा हॉल आणि नॉट यांनी गुपचूप मुंबई सोडली, किनाऱ्यानं खाली कोचीनला गेले, तिथून सिलोनला निसटायचा बेत होता कारण पत्नी गमावलेला न्यूवेल तिथे पोचला होता. कोचीनमध्ये त्यांना गाठलं गेलं, आणि मुंबईला परत आणलं.

रोक्साना या काळात मुंबईतच होती.

या घटनेबद्दल बोलताना बहुतेक जण त्या दोघांच्या धाडसावर येतात, समुद्र, होडी, पाठलाग. मला त्यांचं ते पाऊल समजतं, पण माझं मन मुंबईतल्या त्या घरातच राहतं. नवरा आणि त्याचा सहकारी सरकारला न सांगता निघून गेलेत, सरकारचा रोष मागे राहिलेल्यावर, लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत, बरोबर आलेल्या दोन मैत्रिणींपैकी एक मॉरिशसच्या मातीत आणि दुसरी रंगूनला. सेवा म्हणतात ती हीसुद्धा. दीक्षा न मिळालेल्या माणसानं केलेली. अशा सेवेला कुठल्या रिपोर्टमध्ये रकाना नसतो आणि माझं ठाम मत आहे की तो असायला हवा, आजही.

परत आणल्यावर डिसेंबर 1813 मध्ये त्यांना पाठवायची सगळी तयारी झाली. तेव्हा हॉल आणि नॉट यांनी नेपियनला एक पत्र लिहिलं. विनवणी होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांनी गव्हर्नरच्या विवेकाला हात घातला. सुवार्ता सांगायची आज्ञा ख्रिस्ताची आहे, ती अडवणं म्हणजे त्याच्या आज्ञेच्या आड येणं, आणि न्यायाच्या दिवशी त्याचा जाब द्यावा लागेल, असं स्पष्ट. शत्रू देशाची दोन तरुण पोरं आणि समोर मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. नेपियननं त्यांची रवानगी थांबवली आणि प्रकरण लंडनला कळवलं.

लंडनमध्ये तोवर वारं बदललं होतं. कंपनीचा कारभार ठरवणाऱ्या 1813 च्या चार्टर अ‍ॅक्टनं कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना यायची वाट मोकळी केली होती, त्यासाठी खासदार विल्बरफोर्स वगैरे मंडळींनी पार्लमेंटमध्ये जोर लावला होता. मुंबईला पक्का निरोप यायला आणखी वेळ गेला, पण शेवटी राहायला मिळालं.

तर हे त्यांचं वर्ष. हातात काय, तर थोडी मराठी, आणि अजून आपण इथे आहोत एवढंच. आज एखाद्या कुटुंबानं असं पत्र पाठवलं तर आपल्यापैकी किती मंडळ्या पुढच्या वर्षी मदत चालू ठेवतील हे मी मनापासून विचारतोय. कारण पहिलं वर्ष बहुतेकांचं असंच जातं. भाषा, आजारपण, कागदपत्रं, मुलांची शाळा, बायकोचं एकटेपण. फोटो काढण्यासारखं यात काही नसतं.

त्यानंतरचं भराभर सांगतो. 1814 मध्ये न्यूवेल मुंबईत येऊन मिळाला. 1815 मध्ये मिशनची पहिली मराठी शाळा सुरू झाली. 1817 पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी छपाई बाहेर पडायला लागली. 1821 मध्ये न्यूवेल पटकीनं गेला. 1824 मध्ये मुलींची शाळा निघाली, आणि 1827 च्या अखेरीस सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई मुंबईत उतरली, कुणाची बायको म्हणून नव्हे, स्वतः शिक्षिका म्हणून. पुढे ती नगरला गेली, आणि तिच्याच शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं.

हॉलनं 1816 मध्ये मुंबईतच मार्गारेट लुईस या इंग्रज बाईशी लग्न केलं. 1825 मध्ये तब्येतीपायी मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, त्यातला एक वाटेत समुद्रावरच गेला. हॉल मागे राहिला, कारण नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं, मराठी भाषांतर संपत आलं होतं. 20 मार्च 1826 ला नाशिकजवळ एका खेड्यात, पटकीची साथ चालू असताना लोकांना औषध वाटत फिरणारा हॉल स्वतः पटकीनं काही तासांत गेला. त्याच वर्षी तो मराठी नवा करार पूर्ण छापून झाला.

आणि नॉट नवराबायको? ते 1815 मध्येच परत गेले होते. सॅम्युएलच्या तब्येतीला इथली हवा मानवली नाही. जेमतेम अडीच वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष परवानगीच्या वाटेकडे डोळे लावून. काही जण याला अर्धवट सोडलेलं काम म्हणतील, मी नाही म्हणणार. पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात पाळक झाला आणि 1869 पर्यंत जगला. म्हणजे मुंबईच्या मिशनला 50 वर्षं पूर्ण झाली, नगरच्या गावागावांत मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या, तेव्हा 1813 च्या त्या घरातला एक माणूस अजून हयात होता.