दोन लेंग्थचा हिशेब

मंडळी, ही वही आधी बघा. यात प्रत्येक घोड्याच्या मागच्या तीन शर्यतींतल्या क्रमांकांची बेरीज आहे. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो घोडा खेळायचा. हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला, असे दोन सीझन मी या बेरजेवर काढले. मधूनच एखादा घोडा लागायचा, त्यामुळे वहीवरचा विश्वास वाढत गेला आणि खिसा रिकामा होत गेला.

टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र जमा होतात त्या पैजेत, आपण क्लबाशी खेळत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसांशी खेळतो. जमलेल्या पैशांतून कर आणि क्लबचा वाटा आधीच कापला जातो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. मागच्या वेळी पहिला आलेला घोडा मला दिसतो तसा अख्ख्या स्टँडलाही दिसतो, आणि खिडकी बंद होईपर्यंत त्याचा भाव पार उतरलेला असतो. माझी बेरीज मला नवीन काहीच सांगत नव्हती.

मग अभ्यास कशाचा करायचा? माझं उत्तर वजनाचं आहे, कारण हँडिकॅप शर्यतीचा सगळा डोलारा वजनावर उभा असतो. हँडिकॅपर, म्हणजे हे वजन ठरवणारा अधिकारी, घोड्याला रेटिंग देतो, आणि आपल्याकडे रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी. सगळे घोडे विनिंग पोस्टला, म्हणजे शर्यत संपते त्या खांबाला, एकदमच पोचावेत, ही त्यामागची इच्छा.

समजा, 1200 मीटरच्या शर्यतीत एक घोडा दुसऱ्याला दोन लेंग्थनी, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, हरवतो. दोघांच्या पाठीवर सारखंच वजन होतं. या अंतरावर एक लेंग्थ म्हणजे ढोबळमानाने एक किलोच्या थोडं वर, म्हणजे दोन लेंग्थचे झाले सव्वादोन किलो. हँडिकॅपरने जिंकणाऱ्याचं रेटिंग सहा पॉइंटांनी वाढवलं. पुढच्या खेपेला त्याच्या पाठीवर तीन किलो जास्त. कागदावर आता हरलेला घोडा पुढे यायला हवा. इथवर सूत्र चालतं, आणि ते शिकायलाच हवं.

पण त्या दोन लेंग्थ आल्या कशा? जिंकणाऱ्याच्या जॉकीने शेवटच्या शंभर मीटरमध्ये हात खाली घेतले होते का, म्हणजे घोड्याला रेटणं थांबवलं होतं का? घेतले असतील, तर फरक दोनाचा नव्हे, कदाचित चाराचा होता, आणि तीन किलोंनी त्याचं काही बिघडणार नाही. की हरलेला घोडा वळणावर चार घोड्यांच्या बाहेरून फिरला, आणि वाट मिळाली तेव्हा पोस्ट जवळ आलेलं होतं? निकालाच्या तक्त्यात दोन्ही ठिकाणी ‘2’ एवढाच आकडा छापला जातो. लेंग्थची किंमतही अंतराप्रमाणे बदलते. लांब पल्ल्याला तीच लेंग्थ निम्म्याहून कमी वजनाची ठरते.

पुण्यात जुलैच्या पावसाने ट्रॅक मऊ झाला की काही घोड्यांचे पाय रुततात, काहींना तो मानवतो. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे दाखवतात त्या रिंगणात, घोडा फिरवताना त्याच्या मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसला, तर तो धावण्याआधीच दमत चाललाय, असं मी धरतो. हे कुठल्याही बेरजेत येत नाही.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या रेस क्लबच्या खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं. मला तो निकाल फार महत्त्वाचा वाटतो. पण ते कौशल्य वापरायचं आपल्यालाच. शर्यतीचं पुस्तक न उघडता नंबर लावणाऱ्या माणसासाठी हा खेळ जुगारच राहतो.

आता पडद्यावर एक जुनी शर्यत लावतो. जिंकणाऱ्याकडे बघू नका. चार नंबरच्या घोड्यावर नजर ठेवा, वळण सुरू होतं तिथपासून.